डब्यातली भाजी आणि सव्वा लाखाचा फ्रिज

प्रश्न : घरात आम्ही चौघं. मी, यजमान, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. टाकून दिलं जाणारं अन्न बघवत नाही, म्हणून महिनाभर वहीत लिहून ठेवलं. १,६०० रुपयांचं निघालं. दुकानात एक स्मार्ट फ्रिज पाहिला. आत कॅमेरा, ताजेपणा ओळखणारा सेन्सर, मोबाइलवर सूचना. किंमत १,२४,००० रुपये, जुन्याचे ९,००० वजा, बाकीचा १८ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय. तेवढाच साधा फ्रिज ७२,००० ला आहे. आमचा जुना अजून नीट चालतो. वाया जाणारं अन्न वाचलं तर सहा वर्षांत फ्रिज फुकट पडेल, असा माझा हिशेब. सासूबाई म्हणतात, वास घेतला की कळतं, यंत्र कशाला? बँकेत १,८०,००० आहेत, घरखर्च कर्जाच्या हप्त्यासकट महिना ६२,०००. घ्यावा का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत, हे फार बरं केलंत. नाहीतर माझ्यापुढे फक्त तुमचा सहा वर्षांचा भागाकार असता, आणि तो तसा बरोबरच आहे. १,१५,००० ला वर्षाच्या १९,२०० ने भागलं की सहा येतात. चूक त्याच्या आधीची आहे. फ्रिज आला की फेकणं शून्यावर येईल, असं तुम्ही गृहीत धरलंय.

तुमच्याच वहीतून बेरीज लावली. शिजवलेलं उरलेलं अन्न ५६० रुपये, पालेभाज्या आणि कोथिंबीर ३९०, फळं २७०, दूध-दही-ब्रेड १६०, आणि एकदा टाकलेले मासे २२०. सगळ्यात मोठी रक्कम उरलेल्या अन्नाची. ते तुमच्याकडे कशात ठेवतात? माझ्याकडे ठेवतात त्यातच, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. त्या डब्यात परवाची उसळ आहे की आजची कणीक, हे कॅमेऱ्याला दिसत नाही आणि घट्ट झाकणातून सेन्सरपर्यंत काही पोचत नाही. हे ५६० सोडून द्या. माशांचंही तसंच, ते एकदाच घडलंय. राहिले ८२०. पिवळी पडलेली मेथी आपल्यालाही दिसतेच, तरी मोबाइलवर वेळेत आठवण आली म्हणून त्यातला तिसरा हिस्सा वाचेल असं मी सढळ हाताने धरतो. महिना २७०, वर्षाला ३,२४०.

आता समोरची बाजू. १,१५,००० रुपये पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी राहिले तर वर्षाचं व्याज ८,१६५. म्हणजे फ्रिज वाचवेल त्याच्या अडीचपट नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. जुना फ्रिज बंद पडलाय आणि नवा घ्यायचाच आहे असं धरलं, तरी स्मार्टपणासाठीचे जादा ५२,००० उरतात. त्यांचं व्याज ३,६९२. तरीही पारडं फ्रिजकडे झुकत नाही.

नो कॉस्ट ईएमआयबद्दल दुकानात सहसा सांगत नाहीत ते एवढंच, की व्याज असतंच. तेवढी सूट किमतीत दाखवून ते झाकलेलं असतं. हप्ता क्रेडिट कार्डावरचा असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुम्ही भरता, वर बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी. रोखीने घेताना किती कमी कराल, हे एकदा विचारून बघा, आकडा बोलका असतो. शिवाय तुमची शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चालाही पुरत नाही. अशा घरात ६,३८९ चा आणखी एक हप्ता मी येऊ देणार नाही.

विक्रेत्याने सांगितलेला ‘चौघांचं कुटुंब वर्षाला २२० किलो अन्न फेकतं’ हा आकडा खोटा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतीय घरांसाठी माणशी ५५ किलोंचा अंदाज आहे (जगाची सरासरी ७९). पण त्या मोजणीत सालं, कोया, हाडंही येतात. फणस आणला त्या आठवड्यात तुमचं घर भलतंच उधळं दिसेल.

यंत्राला मी नावं ठेवत नाही. त्याची जागा वेगळी आहे. पोलिओच्या डोसाच्या कुपीवर वर्तुळातला एक छोटा चौकोन असतो, १९९६ पासून. कुपीला जितकी उष्णता लागली तितका तो गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद. त्या स्टिकरने बर्फाच्या पेट्यांतल्या किती कुप्या विनाकारण फेकण्यापासून वाचवल्या असतील! नाशिकची द्राक्षं परदेशी निघतात तेव्हा कंटेनरमध्ये तापमान नोंदणारं यंत्र असतं, कारण तिथे एक चूक म्हणजे लाखोंचा माल. तुमच्या फ्रिजमध्ये एक चूक म्हणजे वीस रुपयांची जुडी.

आणि आपल्या फ्रिजमध्ये इडलीचं आंबवलेलं पीठ असतं, विरजण असतं, कोकणातलं घर असेल तर सुकटही. वायू हुंगणारा सेन्सर ‘बिघडलंय’ म्हणून ओरडला तर दोष कुणाला द्यायचा?

सासूबाईंचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मासा शिळा होताना ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं, आणि ते ओळखण्यात माणसाचं नाक पटाईत आहे. फक्त एक गोष्ट त्यांना माझ्या वतीने सांगा. नाक आणि सेन्सर दोघंही ‘नासलंय का’ एवढंच सांगतात, ‘बाधेल का’ हे नाही. सकाळचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढू शकतो, वास येईलच असं नाही, आणि त्याचं विष फोडणीचा भात करूनही जात नाही. तिथे काटकसर नको, बिनदिक्कत टाका. पाकिटावरची ‘एक्स्पायरी’ उलटली असेल तेव्हाही तेच. ‘बेस्ट बिफोर’चं तसं नाही, ती तारीख चवीची आहे.

आता वहीतली जी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली ती. आठवड्याच्या बेरजा बघा : ६१०, ४५०, ३००, २४०. चौथ्या आठवड्यात फेकणं निम्म्याहून खाली आलंय, आणि फ्रिज तोच जुना! लिहावं लागणार म्हणून कुणीतरी दुसरी जुडी घेतली नाही, किंवा ‘फ्री डिलिव्हरीसाठी अजून ६० रुपयांचं घ्या’ याला भुललं नाही. आपण अन्न फेकतो ते खराब झाल्याचं कळत नाही म्हणून क्वचितच. ताजं असताना टाकवत नाही, म्हणून डबा आत सरकवतो आणि तीन दिवसांनी मोकळ्या मनाने ओततो. सेन्सरने ‘अजून चांगलं आहे’ म्हटलं की आपण आणखी दोन दिवस थांबणार, इतकंच. मीही यातलाच, आमच्या फ्रिजच्या मागच्या कप्प्यात कधीकधी उत्खनन करावं लागतं.

तेव्हा फ्रिज नको. काहीशे रुपयांचा फ्रिज थर्मामीटर घ्या आणि आतलं तापमान ५ अंशांच्या आत ठेवा. मास्किंग टेपचा एक रोल आणि मार्कर ओट्याजवळ ठेवा, प्रत्येक डब्यावर तारीख. डोळ्यांसमोरचा कप्पा फक्त उरलेल्या अन्नाचा, त्यात काही असेल तर बाहेरून मागवायचं नाही. ही अट मुलाला तुम्ही सांगा, सासूबाईंना सांगायला लावू नका. ६,३८९ मधले निदान ५,००० दरमहा आवर्ती ठेवीत टाका, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी होईपर्यंत.

जुना फ्रिज खरंच बसला, तर ७२,००० वाल्याच्या लेबलवरचे तारे आणि वर्षाचे युनिट मला कळवा. तोवर वही चालू राहू दे. पुढच्या महिन्याची पानं पाठवलीत तर मी आधी शिजवलेल्या अन्नाची ओळ बघेन.