कादंबरी वाचून माणूस कळतो का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून रोज तीन वृत्तपत्रांतील राजकीय लेख वाचतो. वाचनालयातील एका तरुण मित्राचे म्हणणे असे, की कादंबऱ्या न वाचणाऱ्याने राजकारणावर बोलू नये, कारण त्याला माणसे कळत नाहीत. कथा-कादंबऱ्यांनी खरोखर सहानुभूती वाढते का? आणि वाढली तरी राजकीय मत बनवताना तिचा उपयोग काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या मित्राचा आग्रह टोकाचा असला, तरी त्यात तथ्य आहे. २०१३ मध्ये किड आणि कास्टानो या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात असे मांडले, की ललित कथेतील थोडा भाग वाचल्यानंतर, छायाचित्रातील केवळ डोळे पाहून माणसाच्या मनातील भाव ओळखण्याची क्षमता वाढते. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचणारे अशा चाचणीत काहीसे सरस ठरतात. परंतु वाचनाने ते तसे झाले, की मुळात तसा स्वभाव असलेली माणसेच वाचनाकडे वळली, हे त्यावरून ठरत नाही. चार पाने वाचून मन विशाल होते, असे त्यामुळे मी म्हणणार नाही.

मला मोलाचे वाटते ते निराळेच. १८९० च्या सुमारास पुण्यात संमतिवयाच्या विधेयकावरून रण माजले होते. वैवाहिक संबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणारा तो कायदा १८९१ मध्ये झाला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती, तर आगरकर ‘सुधारका’तून कायद्याचा कैवार घेत होते. त्याच काळात हरि नारायण आपटे यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येत होती. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते : माहेरचे लाड, दादावरची माया, सासरचा जाच, मुंबईत नवऱ्याच्या सहवासात आलेले थोडे सुखाचे दिवस. त्यामुळे तो गेल्यावर तिचे केस बळजबरीने उतरवले जातात, तेव्हा वाचकाच्या दृष्टीने ते ‘विधवांचे केशवपन’ उरत नाही. आठवड्यामागून आठवडे ज्या मुलीचे बोलणे ऐकले, तिच्या डोक्यावर वस्तरा फिरलेला असतो. अग्रलेखाला ‘विधवा’, ‘शेतकरी’, ‘मतदार’ असे समूहवाचक शब्द वापरावेच लागतात, आणि रोज तेच वाचत राहिले की त्या शब्दांमागे कुणी एक जण राहतो याचा विसर पडतो. हा विसर मला फार धोक्याचा वाटतो.

मात्र यमूसाठी डोळे पाणावले म्हणून टिळकांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कायदा कोणी करावा, तो अमलात कसा आणावा, त्याचा दुरुपयोग कोठे होईल, याचा विचार युक्तिवादानेच करावा लागतो. शिवाय कादंबरीचा दिवा एकाच घरात लागतो. यमूच्या कथनात वस्तरा धरणाऱ्याचे मन उलगडायला वाव नाही; आणि त्याच सुमारास मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता, ज्यामागे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे बळ होते. ही हकिकत कळण्यासाठी कादंबरीबाहेरच यावे लागते. एकाच्या दुःखात इतके गुंतावे की शेजारचे दुःख दिसेनासे व्हावे, ही सहानुभूतीची खरीच उणीव आहे, आणि राजकीय नेते तिचा वापर बेमालूम करून घेतात.

तेव्हा आपण आपली तिन्ही वृत्तपत्रे सोडू नयेत. मित्राला सोबत घेऊन आधी यमूची कहाणी वाचावी आणि मग केशवपनावरील आगरकरांचे लेख काढावेत. त्यांच्या शब्दांतील संताप कोणासाठी आहे, हे त्या क्रमाने वाचताना पानोपानी जाणवेल, आणि त्यांचा एखादा मुद्दा आपल्याला पटला नाही, तर तो का पटला नाही हेही आपण यमूला समोर ठेवून सांगू शकाल.