वाचकांचे प्रश्न : पिंजरा धुतला, पण त्यात उरले काय?

प्रयोगशाळेतील प्राण्यांचे पिंजरे, बाटल्या आणि ट्रे यांच्या स्वच्छतेविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राणिगृहात उंदीर आणि मोठे पांढरे उंदीर म्हणजे रॅट मिळून साठ पिंजरे आहेत. धुण्याचे यंत्र नाही. दोन कर्मचारी हाताने धुतात. दर शनिवारी पिंजऱ्यात अंथरलेले भाताचे तूस बदलून पिंजरे काळ्या फिनाईलच्या पाण्यात बुचकळतो आणि फरशीवर ब्लीच टाकतो. तरीही बुधवारपासून नाकाला झोंबणारा वास येऊ लागतो. फिनाईलचे प्रमाण वाढवावे की दुसरे जंतुनाशक घ्यावे? (प्राणिगृह-प्रभारी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : फिनाईल वाढवू नका, खरे तर ते पिंजऱ्यांसाठी बंदच करा. आपल्याला येणारा वास अमोनियाचा आहे. ताज्या मूत्रात तो जवळजवळ नसतो. विष्ठेतील आणि ओल्या तुसातील जिवाणू मूत्रातले युरिया फोडतात तेव्हा तो तयार होतो, आणि त्यांना त्यासाठी ओल आणि तीन-चार दिवसांची सवड एवढेच लागते. आपण त्यांना शनिवार ते बुधवार अशी दोन्ही देत आहात. तेव्हा उपाय बाटलीत नसून वेळापत्रकात आहे. रॅटच्या पिंजऱ्यातील तूस आठवड्यातून दोनदा बदला, एका पिंजऱ्यातील प्राण्यांची संख्या कमी करा, गळक्या बाटल्या शोधून काढा आणि हवा बाहेर टाकणारा पंखा रात्रीही चालू राहतो ना, हे पाहा. अमोनियाने रॅटच्या श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि त्यांच्यात आधीच मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा श्वसनरोग असेल तर तो बळावतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ दुर्गंधीचा राहत नाही. माणसासाठी आठ तासांच्या कामात २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही मर्यादा मानली जाते. परंतु आपण उभे असतो खोलीच्या हवेत आणि प्राणी बसलेला असतो तुसावर, जिथे प्रमाण कितीतरी अधिक असते. शिवाय रोज तिथे वावरणाऱ्याचे नाक लवकर सरावते. ‘आम्हाला तर काही वास येत नाही’ या कर्मचाऱ्यांच्या वाक्यावर म्हणूनच फारसे विसंबू नये.

आता धुण्याविषयी. फिनाईलच्या पाण्यात पिंजरा बुचकळणे म्हणजे धुणे नव्हे. मळ काढणे हे एक काम आणि जंतू मारणे हे दुसरे, आणि त्यांचा क्रम उलटा करता येत नाही. ब्लीचमधील हायपोक्लोराइटला जंतू आणि विष्ठा यांत फरक कळत नाही. समोर जो सेंद्रिय मळ येईल त्यावर ते खर्ची पडते, आणि कोपऱ्यात चिकटलेल्या लेंडीखालचा जंतू सुखरूप राहतो. म्हणून आधी वापरलेले तूस प्राण्यांच्या खोलीत न झाडता वेगळ्या जागी, चांगला मास्क लावून, धूळ न उडवता पिशवीत भरावे. उंदीर-रॅटच्या मूत्रातील प्रथिनांची ॲलर्जी हा या व्यवसायातला जुना आजार आहे आणि ती याच धुळीतून जडते. त्यानंतर पिंजरा साध्या पाण्याने विसळून, गरम पाण्यात सौम्य डिटर्जंट घालून ब्रशने घासावा, विशेषतः तळाचे चारही कोपरे आणि वरच्या कडेची खोबण. मग पुन्हा विसळावा, आणि एवढे सगळे झाल्यावरच जंतुनाशकाची पाळी येते.

बाजारात मिळणाऱ्या ४ टक्के हायपोक्लोराइटचे २५ मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर केले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते. स्वच्छ धुतलेल्या पिंजऱ्याला ते पुरते. रोगाची शंका असेल तेव्हा १२५ मिलिलिटर घ्यावे, म्हणजे ०.५ टक्के होईल. पृष्ठभाग किमान दहा मिनिटे ओला राहिला पाहिजे, आणि कामात नेमका हाच भाग टाळला जातो. द्रावण रोज ताजे करावे, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ब्लीचचा जोर बाटलीतच ओसरतो. शेवटी भरपूर पाण्याने विसळून पिंजरे उपडे घालून पूर्ण कोरडे करावेत. फरशीवर मूत्र साचलेले असताना त्यावर थेट ब्लीच ओतण्याची आपली पद्धत मात्र आजच थांबवावी. अमोनिया आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरामाइन वायू निघतात, आणि आपल्याला झोंबणाऱ्या वासात त्यांचाही वाटा असू शकेल.

ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी शेवटच्या विसळण्याच्या पाण्याचे तापमान ८२ अंश सेल्सिअसपर्यंत जाते का, हे रंग बदलणारी पट्टी पिंजऱ्याला चिकटवून अधूनमधून तपासावे. यंत्रावरचा आकडा टाकीतल्या पाण्याचा असतो, पिंजऱ्याच्या भिंतीचा नव्हे. उष्णतेचा मोठा लाभ असा की तिचा अवशेष मागे राहत नाही. शिवाय पिनवर्म या कृमीची अंडी बहुतेक रासायनिक जंतुनाशकांना दाद देत नाहीत, उष्णतेला देतात.

फिनाईलला माझा विरोध का, हे औषधशास्त्राच्या लोकांना तरी पटावे. त्याचा अंश प्लॅस्टिकला आणि हवेत राहतो, प्राणी पिंजरा चाटतो, अंग चाटतो, आणि हे सगळे यकृताकडे जाते. १९६७ साली अमेरिकेतील व्हेसेल यांनी दाखवले की देवदारासारख्या मऊ लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदीर-रॅटच्या यकृतातील, औषधांचे विघटन करणारी विकरे (एन्झाइम) वाढतात आणि त्यामुळे हेक्सोबार्बिटाल या बार्बिट्युरेट गटातील झोपेच्या औषधाने येणारी त्यांची झोप कमी वेळ टिकते. दोष केवळ अंथरलेल्या भुशाचा होता. आपल्या महाविद्यालयात बार्बिट्युरेटने येणाऱ्या झोपेचा कालावधी मोजण्याचा प्रयोग निश्चितच होत असेल. उद्या काळ्याऐवजी पाइन तेलाचे पांढरे फिनाईल आणले आणि त्याचा वास सुटलेल्या पिंजऱ्यातील उंदीर कमी झोपला, तर ते श्रेय प्रयोगात तपासत असलेल्या वनस्पतीच्या अर्काचे की सफाईचे, हे कोण सांगणार?

प्रश्न : आमच्याकडील पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकचे पिंजरे धुरकट झाले आहेत आणि काहींच्या कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात. डाग जावेत म्हणून मध्यंतरी कॉस्टिकयुक्त (तीव्र अल्कली असलेली) पावडर वापरली होती. हे पिंजरे वापरत राहिले तर काही बिघडेल का? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : बिघडेल, आणि कसे बिघडते याचे उदाहरण नोंदलेले आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या उंदरांच्या मादीतील अंडपेशींच्या विभाजनाचा अभ्यास करत होत्या. पेशी विभागण्यापूर्वी गुणसूत्रे मध्यावर ओळीने लागावी लागतात. ज्या माद्यांवर कोणताही प्रयोग केलेला नव्हता, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी माद्या, त्यांच्याही अंडपेशींत ही ओळ एकाएकी विस्कटू लागली. एरवी शंभरातील एक-दोन अंडपेशींत दिसणारा हा दोष सुमारे चाळीस अंडपेशींत दिसू लागला. खाद्य, हवा, उपकरणे असे सर्व तपासून झाल्यावर कारण सापडले ते धुण्याच्या जागी. नेहमीच्या सौम्य द्रव्याऐवजी तीव्र अल्कलीयुक्त डिटर्जंटने पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुतल्या गेल्या होत्या. त्याने प्लॅस्टिकचा पृष्ठभाग फोडला आणि त्यातून बिस्फेनॉल ए हे रसायन पाझरू लागले. हंट यांनी नंतर मुद्दाम खराब केलेले पिंजरे वापरून आणि बिस्फेनॉल ए थेट देऊन तोच परिणाम पडताळला आणि २००३ साली तो प्रसिद्ध केला. बिस्फेनॉल एच्या सुरक्षिततेवरील पुढच्या मोठ्या वादाला ज्या कामांनी तोंड फोडले त्यांत हे एक, आणि त्याची सुरुवात धुलाईतल्या चुकीने झाली!

रसायन सोपे आहे. बिस्फेनॉल ए हाच पॉलिकार्बोनेटच्या साखळीचा दुवा आहे; अल्कली आणि उष्णता मिळून ती साखळी पाण्याच्या साहाय्याने तोडतात. कॉस्टिकने धुऊन नीट न विसळता पिंजरा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घातला तर दोन्ही शत्रू एकाच वेळी कामाला लागतात. आपण म्हणता तो धुरकटपणा हा डाग नाही, तो झिजलेला पृष्ठभाग आहे. म्हणून तो कशानेही निघत नाही, आणि काढण्याच्या खटपटीत वाढतो. पिंजरा खिडकीशी धरून त्याच्या भिंतीतून वर्तमानपत्राचा मजकूर वाचून पाहा. अक्षरे विरघळल्यासारखी दिसत असतील, किंवा कोपऱ्यात नख फिरवल्यावर भेगा हाताला लागत असतील, तर तो पिंजरा प्रयोगातून काढावा. भेगांमध्ये मळ बसतो आणि तेथे जंतुनाशक पोहोचत नाही, हे कारण तर आहेच. यापुढे उदासीन किंवा सौम्य डिटर्जंट वापरा आणि ऑटोक्लेव्ह करण्यापूर्वी पिंजरा निःशेष विसळा. वारंवार १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करणे भाग असेल तर पॉलिप्रोपिलीनचे पिंजरे अधिक सोयीचे पडतात. ते मुळातच दुधी असतात, आतला प्राणी तितका स्पष्ट दिसत नाही, पण त्यांच्या साखळीत बिस्फेनॉल नाही.

‘मग पॉलिसल्फोन या दुसऱ्या प्लॅस्टिकचे महाग पिंजरे घेऊ’ असा विचार कोणी करत असेल तर तोही पूर्ण सुटकेचा मार्ग नव्हे. २०१८ साली हंट यांच्याच गटाने, आता वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातून, प्रसिद्ध केले की खराब झालेल्या पॉलिसल्फोन पिंजऱ्यांतून बिस्फेनॉल एस हे त्याच कुळातील रसायन पाझरून त्यांच्या प्रयोगांत तशीच गडबड झाली होती. एकाच प्रयोगशाळेला वीस वर्षांत दोनदा पिंजऱ्यानेच धडा द्यावा, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. प्रत्येक पिंजऱ्यावर तो वापरात आल्याचे वर्ष कोरून ठेवणे आणि धुण्याचे द्रव्य बदलले की प्रयोगाच्या वहीत त्याची तारीख लिहिणे, एवढे तरी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

प्रश्न : सशांच्या पिंजऱ्याखालील स्टीलच्या ट्रेवर खडूसारखा पांढरा थर जमतो. ब्लीच, साबण, तारेची घासणी, काहीही चालत नाही. (कर्मचारी, पणजी)

उत्तर : सशाच्या मूत्रात कॅल्शियम फार असते आणि ते अल्कधर्मी असते. ट्रेवर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे जवळजवळ चुनखडीच. नखाने टोकरल्यास पापुद्रा निघतो आणि खाली ओलसर पिवळा, वासाचा थर सापडतो. अल्कलीला अल्कलीने काढता येत नाही. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक ॲसिड पाण्यात पाच ते दहा टक्के विरघळवून ट्रेमध्ये ओतावे. बुडबुडे येऊ लागतात, आणि अर्ध्या तासात थर साध्या ब्रशने सुटतो. तारेची घासणी टाळावी, कारण तिने पडलेल्या चऱ्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो. ट्रे स्टीलचा नसून जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर आम्ल मुलामाच खाईल, हे लक्षात असावे.

एक ताकीद मात्र अधोरेखित करून देतो. आम्ल पूर्ण धुतले गेल्याशिवाय त्याच टबात ब्लीच आणू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी, काम लवकर आटोपावे म्हणून, मीच एका मदतनिसाला आम्लाच्या उरलेल्या पाण्यात ब्लीच ओतायला सांगितले होते. हिरवट-पिवळा क्लोरीन वर आला, आम्ही दोघे खोकत अंगणात धावलो, आणि तो बिचारा संध्याकाळपर्यंत डोळे धूत होता. शेजारच्या खोलीतील सशांना दार बंद होते म्हणून काही झाले नाही.

प्रश्न : पाण्याच्या बाटल्या दर आठवड्याला धुतो, तरी आतून बुळबुळीत लागतात. का? (विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : बाटली धुता, नळी धुता का? प्राणी पाणी पिताना त्याची लाळ आणि खाद्याचे कण नळीच्या टोकातून आत जातात. तेथे जिवाणूंचा जो चिकट पातळ थर धरतो तोच हळूहळू बाटलीच्या बुचापर्यंत चढतो. या थराच्या आत क्लोरीन सहजी शिरत नाही, म्हणून नळीत मावेल असा बारीक ब्रश घालून तो आधी खरवडावा लागतो. रबरी बूच काढून त्याचे भोकही पाहावे. बहुधा काळसर कडे तेथेच सापडेल. अर्धवट संपलेल्या बाटलीत वरून पाणी भरू नये, ती बदलून धुतलेली बाटली लावावी. एका पिंजऱ्याची बाटली न धुता दुसऱ्या पिंजऱ्याला लावणे तर संसर्ग हातात धरून पोहोचवण्यासारखे आहे. बोअरवेलच्या जड पाण्याने नळीत क्षार साचत असतील तर वर सांगितलेले लिंबूसत्त्व येथेही उपयोगी पडते. बाटली लावल्यावर नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो की नाही, हे दर वेळी पाहावे. बाटली भरलेली दिसते, नळी मात्र हवेने किंवा क्षाराने तुंबलेली असते, आणि सोमवारी सकाळी पिंजऱ्यात तहानेने मेलेला प्राणी सापडतो. बाटलीतील पाणी कमी झालेले नाही, ही खूण समाधानाची नसून धोक्याची आहे.

प्रश्न : पिंजरा बदलला की नर उंदीर एकमेकांवर तुटून पडतात. मग स्वच्छता कमी करावी का? (संशोधक, मुंबई)

उत्तर : आठवड्याची स्वच्छता कमी करण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने घाण असलेला वास हा उंदराच्या दृष्टीने घराचा पत्ता असतो. तो समूळ पुसला की कोणाचा हक्क कोठवर, हे पुन्हा ठरवावे लागते आणि ते दातांनी ठरते. नेदरलँड्समध्ये व्हॅन लू आणि सहकाऱ्यांनी २००० साली केलेल्या प्रयोगांत असे दिसले की जुन्या घरट्याचे कागद-कापूस नव्या पिंजऱ्यात ठेवल्यास भांडणे कमी होतात, परंतु मूत्राने भिजलेला भुसा ठेवल्यास ती उलट वाढतात. म्हणून घरट्यातील कोरडा मूठभर भाग तेवढा उचलून नव्या तुसावर ठेवा आणि ओले सर्व टाकून द्या. नुकत्याच व्यालेल्या मादीचा पिंजरा मात्र पहिले काही दिवस अजिबात उघडू नका, कारण त्रासलेली मादी पिल्ले खाऊन टाकू शकते. अशा पिंजऱ्याच्या कार्डावर प्रसूतीची तारीख आणि ‘धुऊ नये’ हे दोन शब्द ठळक लिहून ठेवावेत, म्हणजे शनिवारी बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यालाही ते विचारावे लागणार नाही.