घराचा पहिला प्लॅन काढण्याआधी

भिंती आखायची घाई करू नकोस. आधी नुसते गोल काढ: बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, संडास. कोण कुणाशेजारी हवं, कोण लांब, ते रेघांनी जोड. चौरस फूट नंतर.

सुरुवातीच्या चुका (मीही केल्यात):
- बोळच बोळ. ये-जा करण्यातच जागा संपते.
- दार उघडताच समोर बेडरूम.

पुण्यातला विश्रामबागवाडा बघ, १८०७ सालचा. वाड्यात चौक, त्याभोवती ओसरी, मग आतल्या खोल्या. परका माणूस कुठपर्यंत येणार हे सांगावं लागत नाही. ओसरी वाटही असते आणि बसायची जागाही, म्हणून वेगळा बोळ फारसा लागत नाही. शिवाय चौकातून उजेड, वारा.

ग्रिड (आखणीची रेघांची जाळी), मॉड्यूल (पुन्हा पुन्हा वापरायचं ठरावीक माप) वगैरे सध्या विसर. चार-पाच वेगवेगळ्या मांडण्या काढ आणि दाखव. पहिलीच आवडली तरी!