अपंगत्व पेन्शन: आधी मेडिकल बोर्डाचा कागद काढा

भाऊ, लष्करातून निवृत्त झालात आणि सेवेतल्या आजारासाठी अपंगत्व पेन्शन मागायची आहे, तर जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांच्या फायलींचा गठ्ठा तूर्तास बाजूला ठेवा. निकाल बहुतेक वेळा निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डावरच, म्हणजे सेवेतून सोडताना लष्करी डॉक्टर करतात त्या तपासणीवरच ठरतो. तो कागद म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म. जवळ नसेल तर आर्मी नंबर आणि निवृत्तीची तारीख लिहून लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) माहिती अधिकाराचा अर्ज करा. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणीही त्यातच मागा.

बोर्डाच्या कागदात दोन गोष्टी बघा: अपंगत्वाची टक्केवारी, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत बळावला की नाही. साधारण घोळ इथेच असतो. बीपी किंवा शुगरची टक्केवारी लिहितात आणि पुढे 'सेवेशी संबंध नाही' एवढंच लिहून मोकळे होतात, कारण देत नाहीत. भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल कामी येतो: संबंध नाही हे कारणांसह दाखवणं लष्कराचं काम. २१ सप्टेंबर २०२३ पासून मात्र नियम बदललेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी नवे नियम आधी वाचावेत.

पोस्टिंगचा तक्ता करा: ठिकाण, तारखा, आजाराची पहिली नोंद. सियाचीनला असताना बीपी पहिल्यांदा लिहिलं गेलं असेल, तर ती ओळ शंभर रिपोर्टांना भारी.

पेन्शनला नकार आला की सहा महिन्यांत पहिलं अपील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा दाखवून घ्या, पोच जपा. पुढे मुंबईचं सशस्त्र बल न्यायाधिकरण (सैनिकांच्या सेवा-पेन्शनचे वाद ऐकणारं) आहेच, पण उशीर केलात तर थकबाकी बहुधा तीनच वर्षांची मिळते.