सलाईनमधून अन्न देता येत असेल तर नाकात नळी कशाला?

वडील आठवडाभर आयसीयूत आहेत, नाकातल्या नळीचा त्यांना त्रास होतोय, मग सलाईनमधूनच अन्न का देत नाहीत आणि तसं दिलं तर आतड्याचं काय होतं, असं तुम्ही विचारलंय. मी आयसीयूत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. नातेवाईक मला हे रोज विचारतात.

आधी हे लक्षात घ्या की सलाईन म्हणजे जेवण नव्हे. साध्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर बाटलीत ५० ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम १७० कॅलरी. शिरेतून पूर्ण अन्न द्यायचं तर टीपीएन लागतं. त्यात अमिनो आम्लं, ग्लुकोज, चरबी, जीवनसत्त्वं सगळं असतं, आणि ते बहुधा मानेजवळच्या मोठ्या शिरेतून जातं.

टीपीएनने अंग पोसलं जातं, पण आतड्याचं अस्तर उपाशीच राहतं. त्या पेशी समोरून सरकणाऱ्या अन्नातूनच आपलं बरंचसं पोषण उचलतात, आणि तीन ते पाच दिवसांत जुन्या झडून नव्या येतात. अन्न आलंच नाही तर अस्तरावरची मखमलीसारखी लव आखूड होते, जंतूंना अडवणारी आयजीए प्रतिपिंडं घटतात. पित्ताशय आकसायचं थांबतं, त्यात गाळ साचतो. उंदरांमध्ये ही झीज फार मोठी दिसते, माणसात बरीच सौम्य, त्यामुळे घाबरून जाऊ नका.

म्हणून आम्ही ताशी १०-२० मिलि का होईना, नळीतून सोडतो. दोन-चार चमचे! पोट भरायला नाही, अस्तर जागं ठेवायला. कमी दिवसांच्या बाळांना आईचं दूध असंच थेंबाथेंबाने सुरू करतात.

पण टीपीएनला नावं ठेवू नका. आतडं अडलेलं असेल किंवा फार थोडं उरलं असेल, तर तेच जीव वाचवतं. रक्तदाब औषधांच्या मोठ्या डोसवर टिकून असेल तेव्हा नळीतून पूर्ण आहार रेटणं उलट धोक्याचं. २०१८ च्या न्यूट्रिरिआ-२ या फ्रान्समधल्या अभ्यासात अशा रुग्णांमध्ये आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण नळीच्या गटात जास्त निघालं.

वडिलांच्या त्रासाबद्दल सिस्टरांशी बोला. नाकावरची पट्टी ओढली जात असेल तर ती बदलून, नळी थोडी वेगळ्या बाजूला वळवून चिकटवता येते. पलंगाची डोक्याकडची बाजू मात्र ३० ते ४५ अंश उंचच राहू द्या. ते झोपले म्हणून सपाट करू नका, फीड छातीत जातं.