तक्त्यात नसलेला रकाना

बाळ,

तुझा तक्ता मिळाला. चार खोल्या, आठ रकाने, भाडं, अनामत, वीज, बसचा पास, पै-पैचा हिशेब. तिसरी खोली हिरव्या रंगात रंगवलेली: सगळ्यात स्वस्त, कॉलेजपासून एक तास दहा मिनिटं, मध्ये एकदा बस बदलायची. खाली विचारलंयस, ‘आत्या, हीच बरोबर ना?’

नाही. आणि तक्ता इतका नेटका आहे म्हणूनच मला जास्त राग आला. असाच तक्ता मी केला होता, वहीच्या मागच्या पानावर, पट्टीनं रेघा मारून.

कॉलेज बदलावं की नाही, यावर मी बोलणार नाही. ते तू ठरवलंस, विचार करून ठरवलंस. राहायचं कुठे याबद्दल मात्र माझं एकच म्हणणं आहे: पायी जाता येईल तिथे राहा. खोली लहान असू दे, खिडकी समोरच्या भिंतीवर उघडू दे. पण पायी.

तू पहिल्या वर्षाला जाणारा मुलगा नाहीस, हे तुझ्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. मध्येच कॉलेज बदलणाऱ्याचं वेळापत्रक फाटकं असतं. जुन्या कॉलेजचे काही विषय नवीन कॉलेज धरतं, काही धरत नाही. मग एक तास खालच्या वर्गासोबत सकाळी आठला, पुढचा थेट दुपारी तीनला, आणि प्रॅक्टिकल संध्याकाळी. मधले सहा तास काय करणार? जवळ राहणारा खोलीवर जातो, जेवतो, तासभर पडतो, वही उघडतो. लांब राहणारा दप्तर पाठीला लावून आवारात फिरत बसतो. मी दोन वर्षं फिरले. कुठल्या इमारतीच्या कुठल्या जिन्याखाली बाक आहे, हे मला आजही सांगता येईल. त्या ज्ञानाचा कुणाला उपयोग झालेला नाही.

शिवाय तू पोचशील तेव्हा सगळ्यांचे गट बनलेले असतील. ओळखी वर्गात होत नाहीत रे. तास संपल्यावर, ‘चल जरा बसू’ म्हटल्यावर होतात. आणि तेव्हा तू घड्याळ बघत असशील.

माझी शेवटची बस नऊ वाजून दहा मिनिटांनी होती. लॅबमधून थांब्यापर्यंत बारा मिनिटं, म्हणजे मी आठ पंचावन्नला उठायचे, काहीही चालू असलं तरी. तिसऱ्या वर्षी एक प्रयोग होता, दर अर्ध्या तासाला रीडिंग घ्यायचं, दुपारपासून रात्री साडेदहापर्यंत. मांडणी माझी, नळ्या मी धुतलेल्या, आलेखाचा कागद मी आखलेला. शेवटची चार रीडिंगं जोडीदारानं घेतली. त्यातल्या तिसऱ्याला आलेख वाकला, म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप केला होता ते तेव्हा घडलं. सरही त्याच वेळी तिथे येऊन उभे होते. सुट्टीतल्या कामासाठी पुढे त्यांनी जोडीदाराला घेतलं. त्याची काही चूक नाही. तो तिथे होता. मी बसच्या मागच्या खिडकीपाशी उभी होते.

तेव्हा रकाना घाल: ‘रात्री दहाला लॅबमधून परत कसा येणार?’ चारही खोल्यांपुढे उत्तर लिही. तुझ्या हिरव्या खोलीपुढे काय येतं, बघ.

आता पैसे, कारण तू तुझ्या बापासारखा आहेस, पैशाशिवाय पटणार नाही. लांबची खोली सत्तर मिनिटांवर, जवळची दहा मिनिटांवर. जाता-येता दिवसाला दोन तासांचा फरक. आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दहा तास. महिन्याला चाळीस. आता भाड्यातल्या फरकातून बसचा पास वजा कर आणि उरलेल्याला चाळीसनं भाग. येतो त्या आकड्याला, म्हणजे तासाच्या त्या मजुरीला, तू कुणाकडे काम करशील का? नाही ना? मग स्वतःकडे कशाला करतोस?

‘बसमध्ये अभ्यास होतो’ असं मला लिहू नकोस. बसायला जागा मिळाली तर होतो. दोन बस असल्या तर कधीतरी एक चुकतेच. दोन्ही दहातून नऊदा वेळेवर येतात असं धरलं तरी दोन्ही जुळणार शंभरात एक्याऐंशी वेळा. म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात जवळजवळ एकदा तू तासाला उशिरा पोचणार. आणि चुकली त्यानंतरची बस अर्ध्या तासानं असेल तर अर्धा तास गेला.

हे केवळ माझं रडगाणं नाही. लांब राहणाऱ्याला स्वस्त घरातून किंवा जास्त पगारातून भरपाई मिळत असणार, नाहीतर तो तिथे राहिलाच नसता, असं अर्थशास्त्र मानतं. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली जर्मनीतल्या माहितीवरून दाखवलं की भरपाई पुरी पडत नाही. प्रवास जितका लांब, तितके लोक कमी समाधानी. आणि १९९४ साली चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं मांडलं की माणूस दिवसाला साधारण एक तासच प्रवासाला देतो, वाहन कुठलंही असो. त्याच्या मते जुनी तटबंदीची शहरं म्हणूनच पाचेक किलोमीटरच्या वर पसरली नाहीत: ताशी पाच किलोमीटर चाललं की अर्ध्या तासात अडीच, मध्यापासून वेशीपर्यंत. तोच आकडा घे. कॉलेजभोवती अडीच किलोमीटरचं वर्तुळ काढ आणि त्याच्या आत शोध.

गाडी घेण्याचा विचार सोड. तक्त्यात तू फक्त इंधन धरलंयस. विमा, टायर, दुरुस्ती, गाडी लावायचा परवाना? परवाना काढला म्हणजे जागा मिळते असंही नाही.

वसतिगृहाच्या यादीत नाव लाव, यादी भरली असली तरी. सत्राच्या मध्यावर मुलं सोडून जातात. करार करण्याआधी कुठले विषय धरले हे कॉलेजकडून लेखी घे. कॉलेज नऊ-दहा महिने चालतं आणि करार बाराचा असतो, तेव्हा उरलेल्या महिन्यांचं भाडं कोण देणार ते विचार. तिघांनी मिळून एकच करार केला आणि एक जण निघून गेला, तर त्याचा वाटा तुमच्या माथी येऊ शकतो. प्रत्येकाचा करार वेगळा मिळतो का बघ. सामान लावण्याआधी भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढ. माझी अनामत एका डागापायी गेली. तो डाग माझ्या आधीचा होता, आणि हे सिद्ध करायला माझ्याकडे शब्दाशिवाय काही नव्हतं.

तू विचारशील, एवढं कळत होतं तर मी का नाही बदलली खोली? सांगते. तुझ्या बापानं म्हटलं होतं, कॉलेज बदलायचे हे सगळे लाड आहेत. मला त्याला दाखवायचं होतं की त्याच्या एका पैशाशिवाय मी निभावते. निभावलंही. दोन वर्षांत एकदाही पैसे मागितले नाहीत. त्या वयात दुसरं काय करणार होते मी? ते पैसे खरंच वाचले, त्यातून मी पुढची फी भरली, आणि ती खोली घेतली नसती तर कदाचित कॉलेजच सुटलं असतं. हे लिहिताना वाटतंय, मी चुकलेच नव्हते. पण मग ती चार रीडिंगं आठवतात.

तुझं तसं नाही. दादानं मला फोन करून सांगितलंय, फरक तो देईल. तू मागत नाहीयेस. तुझा तो ताठा कुठून आलाय, मला नको सांगूस.

या रविवारी खोली बघायला जातोयस असं लिहिलंयस. रविवारी दुपारी जाऊ नकोस, तेव्हा सगळंच जवळ वाटतं. सोमवारी जा. सकाळी सातला हिरव्या खोलीपासून नीघ, दिवसभर आवारात थांब, आणि रात्री साडेनऊला परतीच्या थांब्यावर उभा राहून मला फोन कर. मी जागी आहे. बस येईपर्यंत बोलत बसू, म्हणजे किती वेळ लागतो ते दोघांनाही कळेल.

तुझी,
आत्या