वृक्षारोपणाला प्रथमच जाणाऱ्यांसाठी
सामूहिक वृक्षारोपणात प्रथमच सहभागी होणार असाल, तर किती रोपे लावायची आहेत यापेक्षा पुढची 2 ते 3 वर्षे त्यांना पाणी कोण घालणार, हे आयोजकांना आधी विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर पूर्वी लावलेल्या झाडांची निगा राखणाऱ्या गटात सामील होणे मला अधिक उपयुक्त वाटते.

प्रत्यक्ष लागवडीत बऱ्याच चुका खोलीच्या असतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या (मुळे आणि त्यांना धरून असलेली माती) दुप्पट-तिप्पट रुंद असावा, मात्र गोळ्याच्या उंचीहून खोल नसावा, कारण तळाशी भरलेली भुसभुशीत माती नंतर खचते, रोप खाली बसते आणि बुंधा मातीखाली जाऊन कुजू लागतो. प्लास्टिकची पिशवी पूर्णपणे काढावी (घाईत ती तशीच पुरलेली अनेकदा आढळते) आणि गोल गुंडाळलेली मुळे हलक्या हाताने मोकळी करावीत, अन्यथा ती तशीच फिरत वाढतात आणि पुढे झाडालाच आवळतात. लागवडीनंतर लगेच भरपूर पाणी द्यावे. पालापाचोळ्याचे आच्छादन 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचे पुरते. ते खोडाला टेकू देऊ नये. आधाराची काठी सैल बांधावी, कारण वाऱ्याने थोडेफार हलल्यानेच खोड मजबूत होते, आणि साधारण वर्षभराने ती काढून टाकावी.